प्रशिकच्या बाजूने

सिंधूताई रामटेके यांचं घर आणि आमचं घर पाठीला पाठ लावून उभी आहेत. मध्ये एक डोक्याएवढी भिंत. प्रताप नगरात जुनी घरं पाडून मोठमोठ्या इमारती झाल्या, पण आमच्या गल्लीत अजून एकमेकांच्या फोडणीचा वास येतो आणि भांडणंही ऐकू येतात. सिंधूताईंच्या घरातलं एक भांडण मी कित्येक वर्षं ऐकलं. नव्या माणसाला ते समजलंच नसतं. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये आजवरचा सगळ्यात चांगला जनरल मॅनेजर कोण, यावर ते भांडण होतं.

सिंधूताई एसटीत कंडक्टर होत्या. काटोलची गाडी त्यांची. संत्र्याच्या दिवसांत त्या घरी आल्या की साडीलाही संत्र्याचा वास यायचा. आवाज असा, की मागच्या सीटवरचा झोपलेला माणूस पैसे काढून बसायचा. नवरा लवकर गेला. प्रशिक आणि पायल ही दोन मुलं त्यांनी त्या नोकरीवर वाढवली. प्रशिक बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात लागला होता. कॉलेजात असताना त्याला बेसबॉलचं वेड लागलं. तो कॅचर होता, म्हणजे बॅट धरणाऱ्याच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा. चेंडू फेकणारा विक्रम. त्याचं घराणं भोसल्यांच्या काळापासून महाल भागात राहिलेलं, आता तो बँकेत कारकून. दोघांची जोडी मैदानावर जमली आणि विक्रम सिंधूताईंच्या घरचाच झाला.

रविवारी सकाळी दोघं मोबाइलवर तिकडचे सामने बघत, तर्री-पोहे खात आणि भांडत.

“हा जनरल मॅनेजर म्हणजे कोण हो ताई?” मी एकदा भिंतीवरून विचारलं होतं.

“कप्तान नाही, कोच नाही. तो मैदानात उतरतच नाही वं. हापिसात बसते अन् ठरवते, संघात कोण येईन अन् कोण जाईन.”

“म्हणजे तुमचा डेपो मॅनेजर.”

“त्याच्यापेक्षा अक्कल थोडी जास्त लागते म्हणतात,” त्या म्हणाल्या.

प्रशिकची बाजू ब्रँच रिकी या जुन्या काळच्या जनरल मॅनेजरची. तिकडे मोठ्या संघांत काळ्या खेळाडूंना घेतच नसत. रिकीने जॅकी रॉबिन्सनला आणलं आणि १९४७ साली मैदानात उतरवलं. ज्या घराच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर धम्म घेतला, त्या घरातल्या पोराला हा माणूस मोठा वाटणार, यात नवल नव्हतं. प्रशिक एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. रिकी तरुणपणी एका कॉलेजच्या संघाचा कोच होता. संघात एक काळा पोरगा, तोही कॅचर. परगावी हॉटेलवाल्याने त्याला खोली द्यायला नकार दिला. रिकीने भांडून आपल्याच खोलीत त्याची खाट लावून घेतली. मग तो पोरगा आपल्या हातांची कातडी ओरबाडत रडत बसला, हा रंग निघाला असता तर, म्हणत. ते रडणं पुढे चाळीस वर्षं आपल्या कानांतून गेलं नाही, असं रिकी स्वतः सांगायचा.

विक्रमचा माणूस थिओ एपस्टीन. बॉस्टनचा संघ शहाऐंशी वर्षं विजेतेपद जिंकला नव्हता, शिकागोचा एकशे आठ वर्षं. लोक म्हणायचे शाप आहे. शिकागोवाल्यांचा शाप तर एका बकरीचा. मालकाला बकरीसकट मैदानातून हाकललं, म्हणून त्याने दिलेला. ते ऐकून सिंधूताई आतून ओरडायच्या, “माझ्या गाडीत कितीक बकऱ्या बसल्या, कोणी शाप नाही दिला!” दोन्ही शहरांच्या मानेवरचं भूत एपस्टीनने हिशेबाने, डोकं चालवून उतरवलं, असं विक्रमचं म्हणणं.

“अबे, शिकागोत तो जीएम होता काय? अध्यक्ष होता!” प्रशिक टेबलावर बोटाचं पेर ठोकून म्हणायचा. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत, रविवारी सकाळी मैदानावर स्वतः खेळलेल्या एका साध्याशा सामन्यानंतर, प्रशिक पाणी प्यायला म्हणून उठला, मैदानाकडेच्या नळापाशी गेला आणि तिथेच खाली बसला. बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं, म्हणाले डॉक्टर. तीस वर्षांचाही नव्हता. विक्रमने त्याला उचलून रिक्षात घातलं होतं.

प्रशिकच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विक्रम आला, कोपऱ्यात बसला, आणि नंतर येईनासा झाला. मागच्या घरातून आवाज येणंच बंद झालं. आमच्या घरात सासूबाई लकव्याने अंथरुणावर. त्यांना पाणी पाजताना मला भिंतीपलीकडचं पाणी ओतणंसुद्धा ऐकू यायचं, इतकी ती शांतता.

एकदा पायल म्हणाली, “वंदनाकाकू, आई रोज संध्याकाळी मागच्या दारात उभी राहते. विचारलं तर सांगत नाही.”

मला सिंधूताईंनी सांगितलं, तेही मान खाली घालून. प्रशिक ड्युटीवरून आला की मागच्या भिंतीवर चेंडू आपटून ग्लोव्हमध्ये झेलत बसायचा. थप, थप, थप. “तो आवाज अजून येते वं, वंदना. दिवस कलला की येते. आम्ही भूतबित मानत नाही, तुले माहीत हाय. बाबासाहेबांनी ते सगळं सोडायला लावलं. माझ्या सासऱ्यानं घरातला देव्हारा आपल्या हातानं उचलून बाहेर ठेवला होता. अन् मी इथं उभी राहून कान देऊन राहिली. मले माझीच लाज वाटते.”

दोन दिवसांनी संध्याकाळी मी अंगणात सासूबाईंची गादी झटकत होते. दिवसभर उन्हात टाकायची आणि उतरत्या उन्हात काठीने झोडपायची, हे माझं रोजचं काम. भिंतीवर हालचाल झाली म्हणून वर पाहिलं, तर सिंधूताई. पलीकडे स्टुलावर चढून बघत होत्या. माझ्या हातातली काठी वरच राहिली.

“तू होय?” त्या म्हणाल्या.

माणसाची भीती फिटली की चेहरा सैल पडतो. तसा त्यांचा पडला नाही. कोणी हातातलं काढून घ्यावं तशा त्या बघत राहिल्या, मग उतरून आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी गादी पुढच्या रस्त्यावर नेऊन झटकू लागले. आठवडा गेला असेल. सिंधूताई फिरून आमच्या पुढच्या दारी आल्या.

“गादी झटकणं काहून बंद केलं?”

“तुम्हाला त्रास नको म्हणून...”

“होऊ दे त्रास. तिकडेच झटकत जा.”

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी त्या भिंतीपाशी गादी झोडपते आणि पलीकडे कोणीतरी उभं आहे हे मला कळतं. काठी उचलताना हात जड होतो. कधीकधी वाटतं, हा आवाज मी करत नाही, माझ्याकडून कोणी करवून घेतंय.

त्या वर्षी पावसाळा संपत आला असताना विक्रम एका रविवारी तर्री-पोह्यांचं पार्सल घेऊन आला. पायल घरात होती, तिने मला सगळं सांगितलं. विक्रम बसला. पोहे तसेच. पंख्याचा तेवढा आवाज. आणि अचानक सिंधूताईंनी टेबलावर पेर ठोकलं.

“अबे, तुझा एपस्टीन शिकागोत जीएम होता काय? अध्यक्ष होता तो!”

त्या विक्रमला कधी ‘अबे’ म्हणाल्या नव्हत्या. विक्रमने पोह्यांचं पार्सल बाजूला सारलं. मग तो म्हणाला, “अध्यक्ष असो की जीएम, काकू, खेळाडू तर त्यानंच निवडले.”

भांडण सुरू झालं. मी भिंतीआड भांडी घासत होते, हातातलं पातेलं खाली ठेवून ऐकू लागले. शब्द तेच, मध्ये थांबणं तेच, मुद्दा जिंकला की ‘च्’ करून हसणंही तेच. आवाज फक्त बाईचा.

पुढे दर रविवारी हेच. सिंधूताई पहाटे उठून मोबाइलवर सामने बघू लागल्या. काही चुकीचं बोलत, नावांची सरमिसळ करत, पण बाजू सोडत नसत. रविवारी त्या खुलायच्या, जेवायच्या. सोमवारपासून पुन्हा मिटायच्या. टेबलावर तीन ताटल्या मांडायच्या आणि पायलने तिसरी उचलली की रागावायच्या.

“आईच्या तोंडून दादा बोलते,” पायल मला म्हणाली. “मले भेव वाटते, काकू. दादा गेला त्याचं रडू येते, पण हा असा दादा नको वाटते.”

तिनेच एकदा विक्रमला बाहेर गाठून सांगितलं, की हे संपव. विक्रमलाही ते झेपत नसावं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सिंधूताई रिकीची गोष्ट सांगत असताना त्याने हात जोडले.

“बरं काकू, मानलं. रिकीच सगळ्यात मोठा. तुमचं बरोबर. प्रशिकचं बरोबर. मी हारलो.”

मी भिंतीपाशीच होते. मग सिंधूताईंचा आवाज आला, स्वतःचा.

“त्याच्यासमोर हारला होता का कधी?”

“नाही.”

“मंग मले काहून भीक देऊन राहिला? तू हारला, म्हणजे भांडण संपलं. भांडण संपलं तर तो इथं काहून येईन?” ताटली आपटल्याचा आवाज झाला. “जा तू.”

विक्रम गेला. तीन रविवार कोणी आलं नाही. सिंधूताई माझ्या गादीच्या वेळीही मागच्या दारात येईनात. मी उगाच दोन काठ्या जास्त मारायचे.

डिसेंबरात एका सकाळी त्या माझ्याकडे आल्या, साडी नेसून, चपला घालून. “चाल माझ्यासंगं. मैदानावर जायचं हाय.” प्रशिक गेल्यापासून त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. सासूबाईंपाशी पायलला बसवून मी निघाले.

विक्रम मुलींना खेळ शिकवत होता. प्रशिक असताना दोघं मिळून शिकवायचे. बॅटवालीच्या मागे तोंडावर जाळी लावून एक मुलगी उकिडवी बसली होती. सिंधूताईंची नजर त्या जागेवरून हलेना. मी त्यांचं मनगट धरलं, ते थंड होतं.

विक्रम धावत आला. आम्ही पायऱ्यांवर बसलो.

“मी रागानं बोलली,” सिंधूताई म्हणाल्या. “पण खोटं हारू नको गा.”

विक्रम जमिनीकडे बघत होता. “काकू, मी तुमच्यापासून एक गोष्ट ठेवली. त्या दिवशीही आम्ही भांडतच होतो. मी त्याले एक प्रश्न विचारला होता. त्याच्या आधी तो प्रश्न मले कधी सुचला नव्हता.”

“सांग.”

“मी म्हटलं, रॉबिन्सन लाखात एक होता, म्हणून रिकीनं त्याले आणलं. तो साधा असता, चारचौघांसारखा, गोऱ्या संघात बसलेल्या कितीतरी साध्या खेळाडूंसारखा, तर? तर उघडलं असतं का दार? नेहमी तो लगेच तोंडावर फेकायचा उत्तर. त्या दिवशी हसलाही नाही. म्हणाला, थांब, पाणी पिऊन येतो, मंग सांगतो तुले.”

“मंग?”

“मंग तो नळाकडे गेला.”

मैदानावर मुली ओरडत होत्या. विक्रमचा चेहरा रडायच्या बेतात आला होता. “मी विचारलं नसतं तर तो उठला नसता, असं वाटते काकू. डॉक्टर काही म्हणू देत. मी रोज तो नळ बघतो.”

सिंधूताईंनी त्याला जवळ घेतलं नाही, समजावलंही नाही. फक्त म्हणाल्या, “घरी जाऊन पाहते, काय म्हणते तो.”

त्यानंतरच्या दिवसांत त्या फार बेचैन होत्या. भिंतीपाशी येऊन मला सांगायच्या, “दुसरं काही विचार, उत्तर येते. त्याच्या आवाजात, माझ्या डोक्यात. पण हे विचारलं की गप्प. जसं कोणी तोंडात बोळा घातला.” संध्याकाळी पलीकडे स्टुलावर उभ्या राहून माझ्या काठीच्या ठेक्यावर त्या प्रश्न विचारत राहायच्या. मला ओठ हलताना दिसायचे. भूत येतं तेव्हा भीती वाटते असं ऐकलं होतं. बोलावून न येणाऱ्याची भीती मी त्यांच्या डोळ्यांत पाहिली.

संक्रांत झाली आणि त्या पुन्हा मला घेऊन मैदानावर गेल्या. विक्रमला बाजूला बोलावलं.

“नसतं उघडलं,” त्या म्हणाल्या. “साध्या माणसाले कोणी शोधत येत नाही गा. मी काय होती? साधी कंडक्टर. माझ्यावानी बाया ढिगानं. मले कोणी शोधत आलं नाही, अन् मले लाखात एक असावही लागलं नाही. बाबासाहेबांनी घटनेत लिहून ठेवलं होतं म्हणून जागा भेटली, बस. रिकीनं दार उघडलं, खरं हाय. पण हिऱ्यापुरतं उघडलं. मांगून येणाऱ्या साध्यासुध्यांसाठी दुसऱ्यांले धक्के माराव लागले असतीन.”

विक्रमने मान हलवली. “हे प्रशिक बोलला नसता, काकू. तो रिकीले सोडायचाच नाही.”

“माहीत हाय.” सिंधूताई त्या नळाकडे बघत होत्या. “तो अजून पाणी पिऊन आला नाही. हे मी बोलून राहिली.”

त्यानंतर त्यांच्या तोंडून प्रशिकचा आवाज मी ऐकला नाही. पायलला बरं वाटलं. सिंधूताईंना वाटलं का, सांगता येत नाही. एकदा मला म्हणाल्या, “घर एकदम मोठं झाल्यावानी वाटते.”

त्याच महिन्यात विक्रम आला. मुलींचा जिल्ह्याचा संघ राज्य स्पर्धेला जळगावला जायचा होता. मुलींसोबत मॅनेजर म्हणून एक बाई लागते. “याल का काकू?” सिंधूताई हो म्हणाल्या. निवडीलाही त्यांना बसवलं. बहुतेक नावं सरळ होती. शेवटची जागा अडली. एकीकडे काटोलची गोपिका. रोज पहाटेच्या बसने यायची, कधी चुकली नाही, चेंडूमागे जीव टाकून धावायची, पण खेळ साधा. दुसरीकडे शहरातली एक, महिन्याभरापूर्वी आलेली, पण हाताची जबर, चेंडू लांब मारणारी.

विक्रम सिंधूताईंकडे बघत राहिला. त्यांनीच तर साध्या माणसाची बाजू मांडली होती.

“मले वाटलं होतं मी गोपिका म्हणीन,” त्या मला नंतर म्हणाल्या. “तोंड उघडलं, अन् दुसरीचं नाव निघालं. जिंकायचं होतं वं मले. तिथं बसल्यावर जिंकाव वाटते.”

पण नाव फळ्यावर लावून ते पोरीला कळू द्यायचं नाही, आपण जाऊन सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. विक्रम येतो म्हणाला, त्याला नको म्हणाल्या. आपल्याच जुन्या गाडीत प्रवासी म्हणून बसल्या आणि काटोलला उतरल्या.

गोपिकाची आई अंगणात बाजारासाठी संत्री निवडत बसली होती. पोरगी आतून बाहेर आली, सिंधूताईंना पाहिलं, आणि तिने किंकाळीच फोडली, “आलं माझं नाव! आई, मॅनेजरबाई स्वतः आल्या!” सिंधूताई काही बोलायच्या आत ती आत पळाली आणि संघाची निळी टोपी घालून बाहेर आली. सरावाला दिलेली, सगळ्यांना मिळाली होती तीच. शेजारच्या दोघी-तिघी जमल्या. आईने संत्री बाजूला सारून खालची चादर झटकली आणि बसायला अंथरली.

“मी उभीच राहिली,” सिंधूताई सांगत होत्या. “बसली असती तर सांगता आलं नसतं.”

त्यांनी सांगितलं. शेजारणी एकेक करून निघून गेल्या. आईने पुन्हा संत्र्यांत हात घातला. गोपिका रडली नाही. चहा करते म्हणाली, केला, त्यात साखर विसरली. मग परत जाताना पाहुण्याला सोडायला जातात तशी स्टँडपर्यंत सोबत आली. गाडी लागली, सिंधूताई चढल्या, खिडकीशी बसल्या. पोरगी खाली उभी. टोपी अजून डोक्यावरच होती.

“काढ म्हणाव वाटलं,” सिंधूताई म्हणाल्या. “पण मी कोण सांगणारी? तिले ध्यानातच नव्हतं. गाडी वळली तरी ती तशीच. ते निळं मले लई दुरून दिसत राहिलं.”

संघ जळगावला दुसऱ्या फेरीत हरला. शहरातली ती मुलगी छान खेळली. पुढच्या वर्षीच्या चाचणीला गोपिका आली नाही. विक्रमने फोन केला, तर आई म्हणाली, तिचं लक्ष उडालं.

सिंधूताई अजून मॅनेजर आहेत. दर रविवारी सकाळी मैदानाच्या फाटकापाशी लवकर जाऊन उभ्या राहतात. काटोलकडची बस थांबते, पोरी उतरतात, आणि त्या कोणाच्याही चेहऱ्याकडे बघायच्या आधी टोप्या बघतात.